बहुत काय लिहिणे : शंभर शब्दांच्या एका खेळाची गोष्ट

(१) मित्रहो, आजच्या धाग्यात नेहमीप्रमाणे एखादा किल्ला, तह किंवा मोहीम नाही. आज एका चुकीची हकीकत आहे आणि ती चूक माझी आहे. गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात इतिहासप्रेमी मित्रमंडळींच्या एका ऑनलाइन लेखनखेळात मी भाग घेतला. रोज सकाळी एक शब्द मिळणार. त्यावर मध्यरात्रीपूर्वी बरोबर शंभर शब्दांची ऐतिहासिक कथा लिहून पाठवायची. सात दिवस, सात कथा. त्यांतील तिसऱ्या दिवसाच्या कथेचे पुढे जे झाले, त्याची ही नोंद. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

(२) आम्ही अकरा जण होतो. बहुतेक पुण्या-साताऱ्याकडचे, एक बडोद्याचे, एक इंदूरचे आणि एक न्यू जर्सीत नोकरी करणारे, ज्यांची मध्यरात्र कोणती धरायची यावर पहिल्याच दिवशी खल झाला. बक्षीस नव्हते. ज्याची कथा सर्वांना आवडेल त्याने दुसऱ्या दिवसाचा शब्द सुचवायचा, एवढाच मान. प्रत्येक कथेवर प्रत्येकाने एक वाक्य कौतुकाचे आणि एक वाक्य शंकेचे लिहायचे, असा दंडक होता. शंकेचे वाक्य टाळता येत नसे. हा नियम किती शहाणपणाचा होता, हे मला फार उशिरा उमजले.

(३) पहिला वाद शब्द कसे मोजावेत यावर. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘घोड्यावरूनसुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द. हाच आशय इंग्रजीत सांगायला तीन-चार शब्द खर्ची पडतील. म्हणजे शंभर शब्दांच्या खेळात मराठी लेखकाला आपसूकच सवलत मिळते. एका चतुर गृहस्थांनी ‘ढाल-तलवार-भाला-बर्ची’ असा जोडशब्द करून चारांचे काम एकात उरकले. इंदूरकरांनी त्यावर शंकेचे वाक्य लिहिले : ‘हा शब्द आहे की शस्त्रागार?’

(४) मला मात्र त्या वादात मोडी कागद आठवत होते. ज्यांनी मोडीचा सराव केला आहे त्यांना ठाऊक असेल की, लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लावत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही, विरामचिन्हे नाहीत. एखाद्या पेशवेकालीन कारकुनाला ‘शंभर शब्दांत लिहा’ असे सांगितले असते, तर मोजायचे काय, असा प्रश्न त्याला पडला असता. शब्द कोठे तोडायचा हे त्या लेखनात वाचणाऱ्याने ठरवायचे असते. मोडी शिकताना आपण सारे प्रथम अडखळतो ते इथेच.

(५) बरोबर शंभर शब्दांच्या कथेला इंग्रजीत ‘ड्रॅबल’ म्हणतात. हा शब्द मॉन्टी पायथन या विनोदी मंडळीच्या १९७१ सालच्या एका पुस्तकातला. तिथे ‘ड्रॅबल’ हा एक काल्पनिक खेळ आहे; जो सर्वांआधी कादंबरी लिहून संपवील तो जिंकला. पुढे १९८० च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठातील विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळाने ते नाव उचलले. प्रत्यक्षात खेळता यावे म्हणून कादंबरीची लांबी शंभर शब्दांवर आणली. आपण आज जे शतशब्दकथेचे खेळ खेळतो, त्यांचे मूळ अशा थट्टेत आहे.

(६) थोडक्यात गोष्ट सांगण्याची हौस मात्र आपल्या मातीत फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती घ्या. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा सुमारे सातशे गाथांचा संग्रह. एक कोटी गाथांमधून या सातशे निवडल्या, असे संग्रहाच्या आरंभीच सांगितले आहे. कोटीचा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण तेव्हा अशा गाथा पुष्कळ रचल्या जात होत्या, एवढे त्यातून दिसते. एकेका गाथेत दोन ओळी, त्यात गोदाकाठचे एखादे गाव, दारातली स्त्री, वाटसरू, शेत. बोलणारी कोण आणि ऐकणारे कोण, हे पुष्कळदा वाचकालाच ओळखावे लागते.

(७) आणि मित्रामित्रांनी पैज लावून लिहिण्याचा इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग आहे १८१६ च्या जूनमधला, जिनेव्हा सरोवराच्या काठचा. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्या धुळीने पृथ्वीवरचे हवामान बिघडले आणि युरोपात १८१६ चा उन्हाळा पावसाने व थंडीने झाकोळून गेला. व्हिला दियोदाती या घरात कवी बायरन, त्याचा डॉक्टर पोलिडोरी, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर अडकून पडले. भुताच्या कथा वाचून झाल्यावर बायरनने सुचवले : आपण प्रत्येकाने एक लिहू या.

(८) मेरीला कित्येक दिवस काही सुचेना. शेवटी सुचली ती ‘फ्रँकेनस्टाइन’. १ जानेवारी १८१८ रोजी ती प्रसिद्ध झाली, लेखिकेच्या नावाशिवाय. बायरनने आपली कथा अर्धवट टाकली. तिच्या कल्पनेवरून पोलिडोरीने ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. १८१९ मध्ये एका मासिकाने ती छापली, तीही बायरनच्या नावावर! बायरनने नाकारले, पोलिडोरीने तक्रार केली, तरी वाचक बराच काळ ती बायरनचीच समजत राहिले. एकाच खेळातून निघालेल्या दोन कथा, आणि दोघींच्या कपाळावरची चिठ्ठी चुकीची किंवा कोरी. ही गोष्ट मी आमच्या गटात पहिल्याच दिवशी मोठ्या रंगात सांगितली होती. ती माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

(९) तिसऱ्या दिवसाचा शब्द आला : ‘निरोप’. संक्रांत नुकतीच झालेली. आपल्यापैकी कोणालाही त्या दिवसांत ‘निरोप’ म्हटल्यावर जे आठवेल तेच मला आठवले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला, त्या वेळी नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात सांगितले आहे की, पेशवे नर्मदा ओलांडण्याच्या बेतात असताना सावकारांचा एक कासीद दक्षिणेकडे जाताना आढळला. नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याची त्याची बोली होती. त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांनी उघडले आणि पानिपतची वार्ता त्यांना त्या व्यापारी पत्रातून कळली. नंतरच्या ग्रंथांत हा प्रसंग नर्मदेऐवजी भेलशाजवळ घडल्याचे येते.

(१०) पत्राची भाषा सराफीची. डफच्या मजकुराचा आशय असा : दोन मोती विरघळले, सत्तावीस सोन्याच्या मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याची तर बेरीजच लागत नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. चांदी-तांबे म्हणजे सामान्य शिपाई. आपण लहानपणापासून हा निरोप ऐकतो, त्यात लाखभर बांगड्या फुटल्याचाही उल्लेख असतो. डफच्या इंग्रजी मजकुरात बांगड्या नाहीत. मोत्ये-मोहरांच्या हिशेबात त्या कोणीतरी मागाहून मिळवल्या. ज्याने मिळवल्या त्याला दुःख कळत होते, यात शंका नाही. पण पत्रात ते नव्हते. हेही मी त्या दिवशी गटात ऐटीत लिहिले.

(११) मला त्या प्रसंगात पेशव्यांपेक्षा कासीद अधिक दिसू लागला. आपण काय वाहून नेत आहोत हे त्याला ठाऊक असेल का? तो पानिपताच्या बाजूने आलेला, म्हणजे डोळ्यांनी त्याने काही पाहिलेच असणार. कागदात मात्र भाव आणि हुंड्या. पेशव्यांसमोर तो उभा राहिला असेल तेव्हा त्याने काय केले असेल? इतिहास त्याच्याविषयी एवढेच सांगतो की तो होता. नाव नाही, गाव नाही, पुढे त्याचे काय झाले ते नाही. कथालेखकाला अशी मोकळी जागा म्हणजे रानात सापडलेले पाणीच.

(१२) इथे थोडे घरचे सांगावे लागेल. माझे आजोबा माणदेशात पोस्टमन होते. पत्रे वाटायची, मनीऑर्डरी पोचवायच्या आणि तार आली तर तीही न्यायची. सातारा जिल्ह्यातून फौजेत गेलेली घरे पुष्कळ. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांत त्यांनी तारा पोचवल्या. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर अगदी तुटपुंजा. ठराविक शुभेच्छांना तर क्रमांकच ठरलेले असत. वाईट बातमीला क्रमांक नव्हता. ती शब्दांतच यायची, बहुधा इंग्रजीत, आणि वाचून दाखवायची पाळी आजोबांवर येई. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजोबा त्यापूर्वीच गेले होते.

(१३) आजोबांची एक सवय मला लहानपणी चमत्कारिक वाटे. वाईट तार घेऊन ते कोणाच्या दारात गेले की पिशवीत हात घालण्याआधी पाणी मागत. तहान असो वा नसो. आजी सांगे की, एकदा तर घरून तांब्याभर पाणी पिऊन निघाले आणि शेजारच्या वाडीत पोचल्यावर पुन्हा मागितले. त्या रात्री कथा लिहिताना मी विचार न करता आजोबांचे ते पाणी कासिदाच्या हाती दिले. साडेअकरा वाजता कथा एकशे सात शब्दांची होती. सात शब्द काढायला पंचवीस मिनिटे लागली. मध्यरात्रीला पाच मिनिटे असताना मी ती पाठवली.

(१४) कथा खाली देतो. मूळ रूपात कासिदाला मी एक नाव आणि एक गावही दिले होते, वर ‘पानिपत, १७६१’ असा मथळा होता. आता ते काढले आहे आणि पहिला शब्द नवा घातला आहे. शब्द मोजून पाहावेत, शंभरच आहेत.

कल्पित. नर्मदेच्या उताराशी कासिदाला थांबवले गेले. नऊ दिवसांची बोली होती. आज कितवा दिवस, त्याला आठवेना. कमरेची थैली त्याने घट्ट दाबून धरली. सावकाराचा कागद. त्यात भाव असतात, हुंड्या असतात. त्याला अक्षर येत नव्हते.
‘कागद दे,’ शिपाई म्हणाला.
कासिदाने आधी पाणी मागितले. तांब्या आला. तो सावकाश प्यायला. पानिपताहून निघताना जे पाहिले होते, ते या कागदात नसणार, अशी त्याची समजूत होती.
तंबूत कागद उलगडला गेला. बराच वेळ आतून काहीच ऐकू आले नाही. मग एक कारकून बाहेर आला.
‘मोती कोणते, तुला ठाऊक आहे?’
कासिदाने रिकामा तांब्या खाली ठेवला. त्याला फक्त वाट ठाऊक होती. ती त्याने हाताने उत्तरेकडे दाखवली. कारकुनाने त्याला पुन्हा पाणी भरून दिले.

(१५) कौतुकाची दहा वाक्ये आली. चौथ्या दिवसाचा शब्द मी सुचवायचा ठरला. शंकेची वाक्ये बहुतेक किरकोळ होती : तंबू की डेरा, शिपाई की जासूद. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र लिहिले : ‘कासिदाचे नाव आपणांस कोठे मिळाले?’ मी हसरे चिन्ह टाकून उत्तर दिले, ‘कथा आहे, सर.’ त्यांनी पुन्हा लिहिले, ‘ते मला कळते. न सांगता इतरांना कळेल काय?’ दंडकाप्रमाणे प्रत्येकाने एकच शंका विचारायची होती. मी त्यांना नियमाची आठवण करून दिली. तो विनोद आज मला मुळीच आवडत नाही.

(१६) खेळ संपला, सगळे आपापल्या कामाला लागले. दहा-बारा दिवसांनी आईचा निरोप आला : ‘हे तुला ठाऊक होतं का रे? किती वाईट वाटलं वाचून.’ खाली माझीच कथा. कोणीतरी तिच्यामागे लढाईचे एक रंगीत चित्र लावले होते. माझे नाव नव्हते, खेळाचा उल्लेख नव्हता. वर ठळक अक्षरांत ‘इतिहासातील हृदयद्रावक सत्य’ अशी ओळ होती आणि कासिदाचे मी योजलेले नाव, गाव जसेच्या तसे. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. त्याला ते खरे वाटले आणि खरे वाटावे असेच मी लिहिले होते.

(१७) या धाग्याचे जुने वाचक जाणतात की, मी अशा फिरत्या मजकुरांवर किती वेळा तुटून पडलो आहे. दत्ताजी शिंदे यांच्या तोंडी असलेले ते प्रसिद्ध वाक्य बखरीच्या परंपरेतून येते, समकालीन पत्रातून नव्हे, हे मी किती उत्साहाने सांगितले होते! तान्ह्या बाळाचे न वापरलेले बूट विकायचे आहेत, अशा आशयाची सहा शब्दांची इंग्रजी कथा हेमिंग्वेची म्हणून सर्वत्र सांगतात. तसा मजकूर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच अमेरिकी वृत्तपत्रांत येत होता. हेमिंग्वे १९६१ मध्ये वारला आणि त्याच्या नावाशी ती कथा जोडणारा छापील उल्लेख १९९१ चा आहे. यावरही मी लिहिले आहे. आता त्याच रांगेत माझा कासीद उभा होता.

(१८) लहान मजकुराचे बळ आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी आहेत. तो थोडे सांगतो आणि बाकीचे वाचणाऱ्यावर सोपवतो. पानिपतच्या निरोपाचेच पाहा. भाऊसाहेब पडले यावर अनेकांचा विश्वास बसेना. त्या अनिश्चिततेत पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले त्याच्या हाती गेले आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. पंधरा वर्षे एक रिकामी जागा राहिली आणि ती एका खोट्या माणसाने भरली. माझा कासीद त्या मानाने निरुपद्रवी, असे मी स्वतःला समजावत होतो. मग एके दिवशी एका मुलीचा संदेश आला.

(१९) ती नववीत होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘पानिपत’ विषयावर बोलली होती आणि भाषणाचा शेवट तिने कासिदाने पाणी मागितले त्या प्रसंगावर केला होता. परीक्षकांनी नेमक्या त्याच शेवटाचे कौतुक केले, दुसरा क्रमांक दिला आणि आता तालुक्याच्या फेरीत जायचे होते. तिच्या शिक्षिकेने सांगितले, ‘या प्रसंगाचा आधार शोधून ठेव, तिथे विचारतील.’ म्हणून तिने शोधले, कोणीतरी तिला माझ्याकडे पाठवले. ‘सर, हा प्रसंग कोणत्या बखरीत आहे? पृष्ठ क्रमांक मिळेल का?’

(२०) उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी तिला तीन गोष्टी कळवल्या. एक : कासिदाचे नाव, गाव आणि ते पाणी, हे सर्व मी रचले. दोन : जे आधारासह म्हणता येते ते असे, डफच्या ग्रंथातील पत्राची हकीकत, मजकुराचा आशय, आणि त्यानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचा पर्वतीवर झालेला मृत्यू. तीन : मूळ पत्रे वाचायची असतील तर राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडापासून आरंभ करावा, पानिपतच्या काळची पत्रे तिथे आहेत. शेवटी क्षमा मागितली आणि हा संदेश शिक्षिकांना दाखवण्यास हरकत नाही, असे लिहिले.

(२१) तिचे उत्तर रात्री आले. राग असता तर मला बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले : ‘म्हणजे पाणी मागितलं हे पूर्ण खोटं का, सर?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे अचूक ठरले असते, पण मला ते जमेना. मी लिहिले की, ते खरे आहे, फक्त १७६१ चे नाही. ते १९७१ चे आहे, माणदेशातले आहे, आणि पाणी मागणारे माझे आजोबा आहेत. मग तिने विचारले, ‘ते का मागायचे?’ हा प्रश्न मला माझ्या कथेविषयी कोणीच विचारला नव्हता. मी स्वतःही विचारला नव्हता.

(२२) कारण मला ठाऊक होते. आजोबांनी एकदा सांगितले होते. ‘पानी आनायला मानूस आत जातंय, तवर घरातली बाकीची मानसं भाईर येत्यात. एकट्या मानसाम्होरं तार वाचू नये.’ म्हणजे पाणी स्वतःसाठी नव्हतेच. बातमी ऐकताना त्या घरातले कोणी एकटे असू नये, यासाठी ती युक्ती होती. कासिदाच्या हाती तांब्या देताना मी आजोबांची कृती उचलली आणि तिचे कारण मागे ठेवून दिले. कथेतला कासीद एकटाच पाणी पितो. जमायला तिथे कोणी नाही. अठराव्या शतकाला मी एक खोटा तपशील चिकटवला आणि त्यापायी विसाव्या शतकातला एक खरा तपशील अर्धवट करून टाकला. दोन्हीकडून तोटा झाला.

(२३) त्या मुलीने तालुक्याच्या फेरीपूर्वी शिक्षिकांना सारे सांगितले. पहिल्या फेरीतला क्रमांक तसाच राहू दिला गेला, भाषणाचा शेवट तिला बदलावा लागला. नवा शेवट तिने मला पाठवला होता. त्यात ती पत्राचा आशय सांगते आणि म्हणते की, हे पत्र ज्याने आणले त्याच्याविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. त्याचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवले नाही. मग खाली कंसात सूचना होती : ‘इथे थोडं थांबायचं.’ तालुक्यात तिला क्रमांक मिळाला नाही. तिचे म्हणणे असे की, परीक्षक त्या थांबण्याला भाषण विसरली असे समजले असावेत.

(२४) फिरणाऱ्या मजकुराखाली जिथे जिथे मला लिहिता आले तिथे मी लिहिले की, ही कथा आहे आणि ती माझी आहे. काहींनी मजकूर काढला. काहींनी मलाच सुनावले की, आपल्या पूर्वजांच्या हौतात्म्यावर शंका घेणारा तू कोण. एकाने तर कासिदाच्या गावी त्याचे वंशज आजही आहेत, असे कळवले. या माणसाशी वाद घालण्याचे बळ माझ्यात राहिले नाही. ते गाव मी नकाशात बोट ठेवून निवडले होते.

(२५) आमच्या गटाने पुढच्या फेरीसाठी नियम बदलला. आता प्रत्येक कथेचा पहिला शब्द ‘कल्पित’ असतो आणि तो शंभरांत मोजला जातो. मथळा कापता येतो, नाव खोडता येते, खाली लिहिलेली टीप गळून पडते. कथेच्या पोटातला शब्द काढायला मात्र कोणालातरी जाणूनबुजून हात घालावा लागतो. म्हणजे आता आम्हांला नव्व्याण्णवच शब्द मिळतात. न्यू जर्सीकरांची तक्रार आहे की, पहिल्या शब्दानेच रंगाचा बेरंग होतो. मला तसे वाटत नाही. गाथासप्तशती वाचताना ती गाथा आहे हे आपल्याला ठाऊक असतेच. तरी दारातली ती स्त्री दिसायची राहत नाही. आणखी एक नियम निवृत्त शिक्षकांनी सुचवला, तो एकमताने मंजूर झाला : शंका कितीही विचाराव्यात.

(२६) तुमच्यापैकी अनेक जण असे खेळ खेळता, खेळावेत. शंभर शब्दांत एखादा प्रसंग बसवताना डेरा होता की तंबू, घोडा की तट्टू, पौषात नदीला पाणी किती असेल, हे सारे शोधावे लागते. तेवढा अभ्यास एरवी आपण करत नाही. माणसाच्या मनात काय चालले असेल ते खुशाल कल्पावे. मात्र नाव, गाव, तारीख आणि तोंडचे वाक्य रचताना हात आखडता घ्यावा. नेमक्या त्याच गोष्टी वाचणाऱ्याला पुराव्यासारख्या वाटतात.

(२७) जुन्या पत्रांच्या शेवटी आपण एक ठरीव वाक्य वाचतो : बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा. मी ते नेहमी शिष्टाचार म्हणून ओलांडून पुढे जात असे. आता वाटते, त्यात लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यावर टाकलेला केवढा भरवसा आहे! मी थोडे लिहितो, उरलेले तुम्ही जाणता. पण भरवसा दोन्ही बाजूंनी असतो. लिहिलेले थोडे का असेना, ते ज्या नावाने लिहिले त्याच नावाने पोचावे, ही लिहिणाऱ्याची जबाबदारी. ती मी तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीला पाच मिनिटे असताना विसरलो.

(२८) तो रंगीत चित्रावरचा मजकूर तुमच्याकडे कधी आला, तर पाठवणाऱ्याला हा धागा दाखवावा. पाणी मागणारा माणूस खरा होता, एवढेही सांगावे. त्याच्या हातात सावकाराचा कागद नव्हता, तार होती. आणि तो घरातली सगळी माणसे बाहेर येईपर्यंत थांबत असे. चूकभूल आढळल्यास जरूर लिहावे. बहुत काय लिहिणे.